चांदणीचं शिंगरू

जासईच्या दिनानाथला माणसांशी बोलायचा कंटाळा आहे, असं गाव म्हणायचं. साफ खोटं. बोलायला माणूसच उरलं नव्हतं. बायको रखमा गेली, पोरबाळ नव्हतंच, आणि आजूबाजूची शेतं कंटेनरच्या यार्डाखाली गेल्यावर शेजारीही पांगले. राहिली एक चांदणी, वरातीची पांढरी घोडी. तीही आता वयाला आली होती. तिच्यापासून एक शिंगरू व्हावं, एवढाच त्याला ध्यास लागला होता. पनवेलच्या नामदेवचा घोडा त्यासाठी ठरलासुद्धा होता.

पण यंदाची पहिलीच वरात सीवूड्सच्या हॉलसमोर अडली. बँड ऐन भरात, नवरदेव वर बसलेला, आणि चांदणी जागच्या जागी खिळली. मागचे पाय लाकडासारखे कडक, अंगाला घामाच्या धारा. मुतली तीही कोऱ्या चहाच्या रंगाचं. नवरदेव उतरून पायी गेला, करवल्यांनी नाकं मुरडली. बँडवाले म्हणाले, "नजर लागली, काका." दिनानाथने लिंबू-मिरची बांधली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. नजर काही उतरेना, तेव्हा कुठे त्याने जनावरांच्या डॉक्टर श्रुतीला गाठलं.

तिने आयाळीचे केस मुळासकट उपटून तपासायला पाठवले. निकाल आला तशी ती स्वतः पागेत आली.

"काका, हा आजार जन्माचा आहे. हिच्या स्नायूंत साखर साठत राहते, कामाला येत नाही. बसून खाल्लं की जास्तच त्रास. चातुर्मासात वराती बंद असतात, तेव्हा हिला काय देता?"

"गूळ-हरभरा," दिनानाथ ऐटीत म्हणाला. "दुप्पट! कामाच्या दिसात तिला खायाला सवड कुठं? मंग बसल्या दिसात लाड नको?"

श्रुतीने कोपऱ्यातल्या गुळाच्या ढेपेकडे पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. रखमा गेल्यावर जी माया करायला कुणी उरलं नव्हतं, ती त्याने तोबऱ्यात ओतली होती. तीच मुक्या जिवाला बाधली. त्याला भयंकर लाज वाटली.

"गूळ-हरभरा बंद. सुकं गवत द्या, आणि रोज सलग चालवा, उभी राहिली की आखडेल. नीट राहील ती."

"आनि शिंगरू?"

"जनुकं जोडीनं असतात, काका. एक आईचं, एक बापाचं. हिच्या जोडीतलं एक बिघडलंय, आणि या आजाराला तेवढं एकच पुरतं. पिल्लाला तेच जाईल की चांगलं, हे छापा-काट्यासारखं."

"म्हंजी चांगलं पन निपजंल?"

"निपजेल. मी नको म्हणत नाही. तुम्ही ठरवा."

आठ आण्यांची आशा. लोक याहून कमी आशेवर जमिनी लावतात जुगारात. दिनानाथ दिवसभर घोडीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून उभा होता. संध्याकाळी नामदेवचा फोन आला.

"बुधवारी घोडा आनू ना?"

"नको आनू."

"येडा का खुळा तू? ही गेली की एकटा पडशील!"

"पडंन. मला सोबत पायजे म्हून त्या जिवानं जन्मभर आखडून उभं ऱ्हायचं काय?"



फोन ठेवून दिनानाथने चांदणीला फिरवायला बाहेर काढलं. रस्त्याला ट्रेलरची रांग लागली होती. तिच्या मानेवर हात ठेवून चालता चालता आपल्यामागे आता कुणीच नाही, हे त्याला खरोखर कळलं आणि तो ढसाढसा रडला. रडता रडता चालत मात्र राहिला, कारण थांबलं तर तिचे पाय आखडले असते.