कॅसेटवरची बाई

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही अल्जीरियाच्या डोंगराळ भागातल्या तिझी वुझू शहरात, एका स्टुडिओत आजीचा हात धरून उभे आहात. चाळीस वर्षांनी ती पुन्हा गाणं रेकॉर्ड करायला आली आहे. आणि समोरचा माणूस हसून म्हणतो, "मावशी, थट्टा पुरे. ताफ्सुतबाई कुठायत?"

नऊ वर्षांच्या तानिनाच्या बाबतीत हेच झालं.

"अरे, मीच ताफ्सुत," आजी म्हणाली.

स्टुडिओवाल्या मुलूदने जुनी कॅसेट पुढे केली. "मग ही कोण? तुमची धाकटी बहीण?"

वेष्टनावर टपोऱ्या डोळ्यांची एक तरुणी होती. आजीने कॅसेट डोळ्यांजवळ नेली. "बाई गं! ही कोण? हिला मी जन्मात पाहिलेली नाही."

त्या काळी आमच्या डोंगरातल्या गायिका नाव बदलून गात आणि फोटो देत नसत. आजीचं खरं नाव फेरुजा, घराण्याचं नाव आत-सालेम. शिवणाला जाते असं सांगून ती गायला जाई. भावाला कळलं आणि गाणं सुटलं. कॅसेटवाल्याने वेष्टनावरच्या मोकळ्या जागी कुणाचा तरी चेहरा छापून टाकला. फेरुजाला पत्ताच नाही, कारण स्वतःची कॅसेट घरात आणायची तिची छातीच झाली नव्हती.

"एक ओळ गाऊ दे," ती म्हणाली. "मग खुशाल हाकल."

"एकच हं, मावशी. खऱ्या बाई येतील एवढ्यात."

लाल दिवा लागला. परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारीचं गाणं. आवाज पार खरबरीत झाला होता. मुलूद रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणाकडे हात नेत होता. तेवढ्यात दुसऱ्या ओळीआधी आजीने श्वास घेतला नाही, आवंढा गिळला. मुलूदने लहानपणापासून कॅसेटवर हजारदा ऐकलेला तो आवंढा!

त्याचा हात तसाच राहिला. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "आई, माफ करा. आमच्या घरच्या भिंतीवर अजून त्या बाईचा फोटो आहे हो."

मग चाचरत त्याने विचारलं, "नाव... ताफ्सुतच लिहू ना?"

भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी आजीने दाराकडे पाहिलं.

तानिना उठली, चवड्यांवर उभी राहिली आणि शाळेत हजेरी देतात तशी माईकमध्ये खणखणीत म्हणाली, "फेरुजा आत-सालेम."