क्लोराईड कुठून आलं?

परंड्याच्या शाळेत प्रॅक्टिकलला अंबादास सरांनी साऱ्यांना एकच निळा क्षार ओळखायला दिला. शेतकऱ्यांच्या पोरांनी तो बघताच ओळखला. पेरणीआधी ज्वारीच्या बियाण्याला घरोघर मोरचूदच लावतात. साऱ्यांनी कॉपर आणि सल्फेट लिहिलं. एकट्या अयोध्येनं पुढं क्लोराईडही लिहिलं.

"क्लोराईड काय घरनं आणलंस?" सर तिच्यावर सगळ्यांदेखत खेकसले.

"सर, सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरं झालं."

"खोटं बोलू नको!" त्यांनी तिला शून्य दिलं.

शाळा सुटल्यावर नळ्या विसळताना त्यांची नजर डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीवर गेली. ते संपलं म्हणून काल त्यांनीच तीत आडाचं मचूळ पाणी भरलं होतं. नुसतं तेच पाणी नळीत घेऊन त्यांनी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी दुधासारखं झालं. क्लोराईड क्षारात नव्हतं, बाटलीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर चूक कबूल केली आणि अयोध्येला पैकीच्या पैकी गुण दिले.

ती उभी राहिली. "सर, पाणी तर एकाच बाटलीतलं होतं. मग बाकीच्यांना का दिसलं न्हाय?"

मोरचूद ओळखल्यावर बाकी कुणी नळीला हातच लावला नव्हता. काल त्या साऱ्यांची पाठ सरांनीच थोपटली होती.