लख्ख इंजिनाचा नंबर

गाडीवालीला राग आला की आधी तिचे कान लाल व्हायचे आणि मग आवाज खाली जायचा. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. हिच्याशी भांडायचं तर आधी कान देऊन ऐकावं लागे. त्या सकाळी वाहन खात्याच्या तपासणीच्या आवारात ती गाडीचं बॉनेट उघडून उभी होती आणि तिचा आवाज इतका उतरला होता की समोरचे साहेब वाकून ऐकत होते.

साहेबांनी विचारलं होतं एवढंच, की इंजिनाचा नंबर कुठे आहे.

नंबर नव्हता. इंजिनाच्या कुशीत ज्या चपट्या जागेवर तो ठोकलेला असायला हवा होता, तिथे साहेबांना स्वतःचं नाक दिसत होतं.

हे सगळं का घडलं ते कळायला वरच्या वस्तीचा चढ माहीत हवा. दगडाच्या खाणीला वळसा घालून रस्ता वर जातो आणि शेवटच्या वळणाशी एक मोठा काळा दगड आहे. गाडी त्या दगडाशी पोचली की कोणी काही न सांगता सगळे उतारू पिशव्यांसकट खाली उतरायचे. रिकामी गाडी कण्हत-कुंथत पुढे आणि माणसं मागून पायी. इतकी वर्षं हे असंच चाललेलं की वस्तीतल्या पोरांना वाटे, जगातल्या सगळ्याच गाड्या अशा चालतात.

गाडी तशी दणकट. चारही चाकांना जोर, चिखलाला भीत नाही, दगडाला बिचकत नाही. पण पोटातलं इंजिन लहान. दांडग्या पैलवानाला पाळण्यातल्या बाळाची भूक दिल्यासारखं, असं गाडीवालीचा नवरा म्हणायचा. तो गेला तेव्हा गाडी तिच्याकडे आली आणि गाडीच्या मागोमाग दीरही आला, कारण गाडीची सगळी दुरुस्ती त्याच्याच गॅरेजात व्हायची. दिराला सगळे लख्ख म्हणत. त्याच्या हातून कुठलीही वस्तू घासल्याशिवाय बाहेर पडत नसे. पंक्चर काढायला दिलेलं चाकही तो धुऊन द्यायचा. त्याचे पाने भिंतीवर असे टांगलेले असत की गिऱ्हाइकं त्यात बघून भांग पाडत.

आणि वर वस्तीत राहायची गाडीवालीची थोरली बहीण, ताई. सगळा जन्म खाणीवर गेला, तिथली धूळ छातीत बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर आठवड्याला खाली यायचं, उपचार घ्यायचे, चुकवायचं नाही. खाली येण्याचं काही नव्हतं. प्रश्न परतीच्या दगडाचा. ताईला तो चढ चालवेना. एकदा ती गाडीतच बसून राहिली, तर एवढ्याशा वजनानंही गाडी अर्ध्यात दमली आणि मागे घसरायला लागली. दुसऱ्या खेपेला चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. त्यानंतर ताईनं खाली यायचंच सोडलं.

"कपाट नेतात तसं नेलंत मला," ती म्हणाली. "शेजारीण दारात येऊन विचारते, कुठे ठेवायचंय."

खाली माझ्याकडेच राहा, असं म्हटलं की ताईचं उत्तर ठरलेलं: तुझ्याकडे सगळं आहे, पण भांडायला शेजारीण नाही.

तेव्हा इंजिन मोठं घ्यायचं ठरलं. ज्याला सांगावं तो म्हणे, टाक की भंगारातलं एखादं, बॉनेट उघडून कोण बघतंय. आणि खरंच कोणी बघत नव्हतं. पलीकडच्या डोंगरावर एकानं असंच टाकलं होतं. इंजिन मोठं आणि ब्रेक जुनेच. चढताना सगळे खूश, उतरताना गाडी थांबेना. हातपाय मोडलेली माणसं विमा कंपनीच्या दारात गेली तेव्हा कंपनी म्हणाली, कागदावरची गाडी ही नव्हेच. गाडीवाली त्या माणसांना दवाखान्यात भेटून आली होती. तिनं दिराला सांगितलं, आपलं इंजिन बदलेल ते कायद्यानं.

"कायद्यानं कोणी इंजिन बदलतं का, वहिनी?"

"मी बदलते, भाऊजी."

वाहन खात्याच्या खिडकीतल्या माणसाला आधी वाटलं, बाईंना गाडी विकायची आहे. मग वाटलं, चोरीला गेली आहे. परवानगी मागायला आली आहे हे कळल्यावर तो आत जाऊन दुसऱ्या कोणाला तरी घेऊन आला आणि दोघांनी मिळून तिच्याकडे बघितलं. शेवटी नियम निघाला. याच कंपनीचं हवं, कंपनीनं स्वतः याच सांगाड्याच्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीत बसवलेलं हवं, ब्रेक त्या मोठ्या गाडीचेच हवेत, धूर तपासून हवा, विम्याला कळवलेलं हवं आणि सगळं बसवून झालं की गाडी तपासणीला आणायची. गाडीवालीनं यातलं एकूण एक केलं. मागून ठोकर बसलेली मोठी गाडी शोधली, तिचं इंजिन रीतसर पावतीनं घेतलं, ब्रेक घेतले, इंजिन ज्यावर बसतं ते रबरी ठोकळेसुद्धा त्याच गाडीचे घेतले. खिडकीतला माणूस दर वेळी एक नवी गोष्ट सांगे आणि ती दर वेळी ती गोष्ट करून येई.

या सगळ्यात दिवस गेले, आणि फोनवर ताईची वाक्यं आखूड होत चालली. आधी ती शेजारणीची सगळी हकीकत सांगायची. मग नुसती अर्धीच. मग, "ठीक आहे. ठेवते." गाडीवाली फोन ठेवून गॅरेजात जाई आणि विचारी, झालं का. लख्ख म्हणे, झालंच.

झालं होतंच. पण साहेबांसमोर न्यायचं म्हणून त्यानं शेवटच्या दिवशी इंजिन घासायला घेतलं. तारेचा ब्रश, मग फिरतं चाक, मग बारीक पॉलिश पेपर. जुन्या गंजाचे पापुद्रे निघाले, काळं तेल निघालं, आणि त्याच ओघात, त्याच मायेनं, त्यानं नंबरही काढला. काढला हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या लेखी ती खरखर होती.

म्हणून आता साहेब आपलं नाक बघत होते.

"बाई, बिननंबरचं इंजिन म्हणजे चोरीचं इंजिन," साहेब म्हणाले. "गाडी इथंच राहील. पुढचं चौकशीत बघू."

नेमकी तेव्हाच शेजारच्या रांगेतून एक गाडी फाटक्या सायलेन्सरनं आवार दणाणून सोडत बाहेर पडली. तिचं बॉनेट कोणी उघडलं नव्हतं. तिच्या पोटात काय होतं ते आवाजावरून बहिऱ्यालाही कळलं असतं. गाडीवालीनं ती गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बघितली आणि तिचे कान पेटले.

लख्ख तिच्या मागे उभा होता. चेहरा असा, जणू स्वतःच्याच घराला आग लावून आलाय. तो कानाशी येऊन कुजबुजला की लोखंडावर आकडे ठोकायचे पंच डब्यात आहेत, नंबर पावतीवर आहेच, साहेब जेवायला गेले की चार ठोक्यांचं काम.

"भाऊजी," ती तितक्याच हळू म्हणाली, "आतापर्यंत ती चूक आहे. तुम्ही ठोकलंत की गुन्हा होईल."

लख्खनं मान खाली घातली.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. त्यांनी पावती बघितली, परवानगी बघितली, ब्रेक दाबून बघितले आणि त्यांच्याही लक्षात आलं की ही बाई चोर नाही, नुसती कटकट आहे. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आवाजात साखर घालून वाट दाखवली. नंबर गंजून गेला असेल तर खातं नवा नंबर देतं, तशी सोय आहे. तर बाईंनी "गंजून गेला" एवढं लिहून सही करावी. आजच्या आज मोकळ्या.

"गंज?" लख्ख मागून म्हणाला. इतका वेळ मान खाली घातलेला माणूस पहिल्यांदा ताठ झाला. "साहेब, या इंजिनाला गंज दाखवा, मी गॅरेजला कुलूप लावतो."

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी."

तिनं पेन उचललं, खोटं कशाला सांगायचं. एकच शब्द होता. तो लिहिला की उद्या ताई गाडीत. पेन कागदावर टेकलंही. मग तिला मागच्या सीटवर बसलेली ताई दिसली, उतारावर, पिशवी मांडीवर घेऊन. आणि त्या सीटच्या पुढे, बॉनेटखाली, आपल्याच अक्षरातलं खोटं. उद्या काही झालं तर विमा कंपनीचा माणूस येईल, इंजिन बघेल, कागद बघेल आणि म्हणेल, गंज कुठाय? मग एवढं सगळं केलं ते कशाला? दवाखान्यातली ती माणसं बघून आले ती कशाला?

तिनं पेन ठेवलं.

"साहेब, म्हणजे ज्यानं इंजिन कुजू दिलं त्याला तुमच्याकडे नवा नंबर. आणि ज्यानं जिवापाड जपलं तो चोर."

साहेब म्हणाले, तसं नाही, पण घासलेला नंबर म्हटलं की संशय येतोच.

"यायलाच हवा. मग तो पुरा करा ना. चोर काय घासतो? आकडे घासतो. तेवढेच घासतो आणि पळतो, त्याला कुठे वेळ आहे? हा माणूस बघा. यानं इंजिनाचं पोट घासलंय. पाठ घासलीय. जिथे देवालासुद्धा वाकून बघावं लागेल तिथे घासलंय. तुम्ही फक्त नंबराची जागा बघितलीत. मी महिनोन्‌महिने तुमच्या खिडकीशी उभी आहे, साहेब, तुम्ही जरा गाडीखाली आडवे व्हा."

शेजारच्या रांगेतले दोघे-तिघे गाड्या सोडून जवळ आले. साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आपल्या पांढऱ्या शर्टाकडे. जन्मात कधी पांढरा शर्ट घालून कोणी गाडीखाली गेलं असेल तर ते त्या दिवशी. लख्खनं धावत जाऊन फळी आणली, बॅटरी दिली, आरसा दिला. आरसाही पुसून दिला.

साहेब आत गेले. नुसते बूट बाहेर. बूट एकदा डावीकडे सरकले, एकदा उजवीकडे. मग आतून आवाज आला, "हे इथलं कोणी घासलं?"

"मी," लख्ख म्हणाला.

"का?"

असला प्रश्न लख्खला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. "घाण होतं," तो म्हणाला.

साहेब बाहेर आले, उभे राहिले, आणि गर्दीतला एक जण हसला, मग दुसरा. गाडीखालून निघालेल्या माणसाच्या शर्टाला तेलाचा एक ठिपका नव्हता. पाठीला फळीची धूळ, ती झटकली तर गेली. साहेबांनी स्वतःच्या छातीकडे बघितलं, बाह्यांकडे बघितलं, आणि मुकाट्यानं टेबलाशी जाऊन लिहायला घेतलं. काय लिहू, असंही त्यांनीच विचारलं. गाडीवालीनं सांगितलं, झालं ते लिहा. त्यांनी लिहिलं: पूर्ण इंजिन घासल्यामुळे नंबर नाहीसा.

यावर एखादी बाई निवली असती. ही निवली नाही. कारण मग नवा नंबर ठोकायला खात्याचे पंच काढले, तर ते पेटीत गंजून एकमेकांना चिकटलेले. गंजाची सोय आहे म्हणाले होते, ती ही, असं गाडीवाली पुटपुटली, आणि या खेपेला साहेबांनी वाकून न ऐकताही ते ऐकलं. शेवटी लख्खचा डबा उघडला. पंच त्याचे, पण हात खात्याचाच हवा. गाडीवालीनंच तसं बजावलं. साहेबांनी उभ्या जन्मात हातोडा धरला नसावा. पहिला आकडा तिरका बसला. दुसरा पहिल्यावर रेलला. तिसऱ्याला हातोडा निसटून आरशासारख्या लोखंडावर खोक पडली. दर ठोक्याला लख्ख डोळे मिटून घेई. एकदा त्याचा हात आपोआप पुढे गेला. गाडीवालीनं तो मनगटाशी धरून ठेवला, पोराला रस्ता ओलांडून नेताना धरतात तसा.

"राहू दे," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या कामात हेच तेवढं कायदेशीर आहे."

दुसऱ्या दिवशी ती ताईला घ्यायला वर गेली. ताई उंबऱ्यातच पिशवी घेऊन बसली होती. इतका उशीर का, एवढं विचारायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. गाडीवाली वाटभर वाहन खात्याला शिव्या घालत होती आणि ताई मान हलवून एकेकीला दुजोरा देत होती. नवे ब्रेक उतारावर असे लागत होते, जणू गाडीच्या मागे कोणी पदर धरून उभं आहे. दवाखान्यात ताईला मास्क लावला, सुया टोचल्या, दुपारभर निजवून ठेवलं. उठली तेव्हा ओठांचा निळेपणा उतरला होता.

परतताना गाडी भरली. बाजाराची पोती, भाजीवाली, शाळेतले मास्तर, सगळे. खाण मागे पडली, काळा दगड दिसला. कोणी काही न बोलता माणसांनी पिशव्या उचलल्या, पाय बाहेर काढायची तयारी केली. ताईनं दाराची कडी धरली.

गाडीवालीनं गाडी थांबवली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पाय दाबला. इंजिनानं घसा खाकरल्यासारखा एक आवाज केला आणि दगड खिडकीतून मागे सरकला. मास्तर एक पाय बाहेर काढून तसेच बसले. भाजीवाली म्हणाली, अगं बाई, ही थांबली नाही. आणि मग सगळे खिडक्यांतून बाहेर बघायला लागले, कारण चढ त्यांनी आजवर फक्त पायांनी बघितला होता.

वस्तीच्या तोंडाशी शेजारीण उभी होतीच. रिकामी गाडी आणि मागून चालणारी माणसं बघायला ती रोज उभी राहायची. ताईनं कडीवरचा हात काढला, काच खाली केली आणि एका दमात, कुठेही न थांबता, सांगितलं,

"बाजूला हो गं, कपाट आज गाडीतून दारापर्यंत आलंय, आणि कुठे ठेवायचं ते त्याचं तेच बघून घेईल."