तिसरी चिठ्ठी

मी एक जुनी वचनपेटी आहे, मित्रांनो. सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांची, वीतभर लांब. अनसिंगच्या एका सुताराने मला घडवले आणि प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांनी नाताळात शीलाच्या सासूला भेट दिले. माझ्या पोटात देववचनांच्या दोनशे चिठ्ठ्या आहेत. रोज सकाळी प्रार्थना करायची, एकच चिठ्ठी काढायची आणि दिवसभर तिला धरून वागायचे, अशी घरची रीत. सासूबाई मला पदराने पुसायच्या. काय थाट होता माझा! पुढे शीलाच्या मोबाईलवर रोज वचन यायला लागले आणि मी चार्जरशेजारी धूळ खात पडले. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

यंदा पेरणीच्या तोंडावर मात्र तिला माझी आठवण झाली. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून शेजारच्या तुळसाबाईला द्यायचे आणि बदल्यात तिची दुभती बकरी घ्यायची, असे ठरले होते. शीलाच्या धाकट्या पल्लवीला दूध हवे होते. पण शीलाने शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले, तर छप्पनच उगवले. तुळसाबाईला हे ठाऊक नव्हते. तिचे वावर एकच एकर. पेरा फसला, तर तिचे वर्ष गेले.

सांगू की नको? शीलाने डोळे मिटून माझे झाकण उघडले. पहिली चिठ्ठी निघाली खोट्या मापाबद्दलची. तिने ती चटकन परत कोंबली. दुसरी शेजाऱ्यावर प्रीती करण्याची. तीही आत! तिसरी निघाली भरभराटीची.

"पाहा, देवानंच सांगतलं," ती म्हणाली. पण माझे झाकण तिने घाईघाईने लावले.

तिचा नवरा विनोद दारातून पाहत होता. "शीले, तिसरी देवानं काहाडली का तुह्या बोटानं?"

"पोरीच्या दुधासाठीच करून राह्यली ना मी!"

"म्हनूनच भुलली तू. चिठ्ठ्या राहू दे. ते गोणपाट तुळसाबाईसमोर उघडशीन का? उघडता येत असंन तर दे. लपवा लागत असंन तर समजून जाय."

शीला मुळूमुळू रडली. दुपारी तुळसाबाई बकरी घेऊन आली, तेव्हा शीलाने तिच्यासमोर गोणपाट पसरले. "मावशी, छप्पनच उगवले."

तुळसाबाईने एकेक कोंब मोजला. माझा तर जीव टांगणीला लागला.

"सांगतलं ते बरं केलं, पोरी!" ती म्हणाली. "आता दाट पेरतो. नाही तं बसलो असतो कपाळाले हात लावून. पन बियानं जास्त लागंन. दुभती नाही जमत मले, पाठ देतो."

संध्याकाळी पाठ आली, बकरीचे एवढेसे पिल्लू. दुधाला अजून वर्ष तरी आहे. तरीही शीला कितीतरी दिवसांनी मोकळी हसली आणि मलाही हुश्श झाले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला वाळवीपासून जपा. पण माझ्यात हात एकदाच घाला. मनासारखे निघेपर्यंत उपसत राहिलात, तर मी काय करणार? मी तर लाकूड.

त्या संध्याकाळी शीलाने माझ्या दोनशेही चिठ्ठ्या चटईवर ओतल्या आणि एकेक उलगडत खोट्या मापाची ती पहिली शोधून काढली. ती आता माझ्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. झाकण उघडले की आधी तीच दिसते.