माझ्या यादीत त्या अजून होत्या

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असण्याची शक्यता नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे एक थंडगार खोली आहे. तिथे यायची कोणाला हौस नसते. त्या खोलीत मी राहतो. मी एक जुना डिरेक्टरी सर्व्हर आहे. रंग काळा, उंची टेबलाखाली मावेल एवढी, आणि पोटातला पंखा सुरू झाला की खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज करतो. आज दुपारी माझ्या यादीतले एक नाव पुसायचे आहे. पुसणाऱ्या माणसाचा हात सकाळपासून दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. तो पुन्हा पुढे येईपर्यंत मला तुमच्याशी बोलायचे आहे.

डिरेक्टरी म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. तुमच्या शाळेत हजेरीपट असतो ना, तसाच माझ्याकडे रुग्णालयातल्या सगळ्या माणसांचा पट आहे. डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले, औषधांच्या खिडकीवरचे बाबू, सगळ्यांची नावे, त्यांचे हुद्दे, त्यांचे एक्स्टेन्शन नंबर आणि कोणाला कोणती फाइल उघडायची मुभा आहे तेही. सकाळी कोणी संगणकासमोर बसून नाव आणि पासवर्ड घातला, की तो संगणक मला विचारतो, "हे माणूस आपले का?" मी यादी पाहतो आणि सांगतो. माझ्या एका शब्दावर दार उघडते किंवा बंद राहते. एवढा मोठा मान, पण मला त्याचा कधी गर्व झाला नाही. आता थोडासा झाला असेल, खोटे कशाला बोलू?

मला खोक्यातून बाहेर काढून या खोलीत बसवले ते किल्लीकाकांनी. हे त्यांचे खरे नाव नव्हे. पासवर्ड विसरलेला जो तो त्यांच्याकडे धाव घेई, म्हणून हे नाव पडले. काका कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नसत, पण बोलल्याशिवायही सोडत नसत. "पासवर्ड विसरलात? पगाराची तारीख बरी लक्षात राहते!" असे म्हणत म्हणत ते नवा पासवर्ड करून देत. माझी पहिली यादी त्यांनी एकट्याने, दोन बोटांनी टाइप करून भरली. त्यात एकही चूक नव्हती.

त्या यादीत एक नाव काकांच्या पत्नीचे होते. त्या बालरुग्ण विभागात होत्या, पुढे तिथल्या प्रमुख झाल्या. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. मला त्या चांगल्याच ठाऊक होत्या, कारण माझ्याकडून सगळ्यांत जास्त वेळा अडवल्या गेलेल्या माणसांत त्यांचा पहिला नंबर होता. एका काखेत रडणारे पोर आणि एका हाताने पासवर्ड, मग काय होणार? तीनदा चुकले की मी दार लावून घेई, माझा नियमच तसा. मग खोलीतला फोन वाजे.

"अहो, तुमच्या त्या डब्यानं मला परत बाहेर काढलं!"

"डबा बरोबर आहे. बोटं तुझी चुकतात," काका म्हणत आणि हसत हसत दार उघडून देत.

अकरा वर्षे मी एक दिवसही आजारी पडलो नाही. एकदा प्रशासक मॅडम आमच्या खोलीत आल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना म्हणाल्या, "हा आहे म्हणून आमचं सगळं सुरळीत आहे." त्या दिवशी काकांनी मला स्वतः ओल्या फडक्याने पुसले.

पण कोणाचेच दिवस सारखे राहत नाहीत. माझ्या शेजारी दोन नवे सर्व्हर आले. मी त्यांना धाकटे म्हणतो. त्यांची बनावट नवी, समज नवी, नियम माझ्याहून कडक. आमच्यात अशी रीत असते की यादी एकाकडेच ठेवायची नाही. प्रत्येकाकडे तिची प्रत असते, आणि दर थोड्या वेळाने आम्ही एकमेकांना काय बदलले ते सांगतो. पण एका कुटुंबात राहायचे तर सगळ्यांत जुन्याला कळेल अशाच भाषेत बोलावे लागते. घरात दात पडलेला म्हातारा असला की सगळ्यांसाठीच मऊ शिजते ना, तसे झाले. धाकट्यांना येणाऱ्या कितीतरी गोष्टी माझ्यामुळे बंद ठेवाव्या लागल्या. त्यांचे कडक नियमही माझ्यासाठी सैल केलेले होते. ते कधी कुरकुरले नाहीत, पण मला कळत होते की मी आता अडगळ झालो आहे.

मग नेटवर्कच्या नव्या प्रमुख आल्या. काका निवृत्तीला आले होते, त्यांची जागा या घेणार होत्या. काका त्यांना ताई म्हणत, त्याही काकांना काकाच म्हणत. बाई कामाला चोख. आल्या आल्या त्या म्हणाल्या, "काका, याला आता रीतसर निरोप देऊ या. आधी बाकीच्यांना कळवू की हा जातोय, याची कामं त्यांच्याकडे देऊ, याची यादी काढून घेऊ, मग बंद करू."

"अगं, एवढं कशाला? नुसता बंद करून ठेवू. पुढंमागं लागलाच तर हाताशी असलेला बरा."

"अर्धवट बंद केलेला जुना सर्व्हर म्हणजे उगाच डोक्याला ताप, काका."

काकांनी मान डोलावली आणि ताई बैठकीला गेल्यावर माझे बटण दाबले. काका कामात आळशी नव्हते, मित्रांनो. त्यांचा माझ्यावर जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाला शेवटचे काम पुढे ढकलावेसे वाटते. मला सामानाच्या खोलीत, एका मोडक्या व्हीलचेअरच्या बाजूला ठेवले गेले.

पुढचे सगळे मला नंतर कळले. मी बंद झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मोठ्या सिस्टर आजारी पडल्या. ज्या रुग्णालयात त्यांनी इतकी पोरे बरी करून घरी पाठवली, तिथेच नऊ दिवसांत त्या गेल्या. माणूस गेले की त्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढायचे, हा रुग्णालयाचा नियम आहे. पण काकांना हे सांगायचे कोणी? कोणाची जीभ रेटेना. शेवटी काका रजेवरून परत आले आणि त्यांनी कोणाला न विचारता धाकट्यांच्या यादीतून ते नाव स्वतः काढले.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण घोटाळा इथेच झाला. आमच्याकडे नाव काढले की त्या जागी "गेले" अशी एक खूण सहा महिने ठेवतात. एखादा सर्व्हर काही दिवस बंद असेल, तर परत आल्यावर त्याला ती खूण दिसावी आणि त्यानेही ते नाव काढावे, एवढ्यासाठी ती असते. सहा महिन्यांनी ती खूणही जाते. कारण तोवर सगळ्यांना कळलेले असणार, असे धरलेले असते.

मला कळलेले नव्हते. मी दहा महिने सामानाच्या खोलीत होतो.

दहाव्या महिन्यात तपासणी करणारे अधिकारी आले आणि त्यांनी काही वर्षांपूर्वीचे रक्ताचे अहवाल मागितले. ते अहवाल लॅबच्या एका जुन्या संगणकात होते आणि तो हट्टी माझ्याशिवाय कोणाला ओळखत नव्हता. ताई रजेवर होत्या. फोनवर त्यांनी काकांना बजावले, "याला मुख्य नेटवर्कला लावू नका हं. वेगळी वायर टाका." पण लॅब दुसऱ्या टोकाला, वेगळी वायर टाकायला निम्मा दिवस गेला असता, आणि अधिकारी तर खुर्चीत बसून घड्याळ पाहत होते. काकांनी मला नेहमीच्या वायरीला जोडले. तासाभराचे तर काम आहे, असे त्यांना वाटले.

मी जागा झालो. अहवाल निघाले, अधिकारी खूश होऊन गेले. काका मला बंद करायला आले, आणि त्याआधी त्यांनी सहज माझी यादी उघडली. बोट फिरवत फिरवत ते एका नावापाशी थांबले. त्यांच्या पत्नीचे नाव तिथे होते. हुद्दा, प्रमुख, बालरुग्ण विभाग. पुढे एक्स्टेन्शन नंबर.

"अगं, तू इथंच आहेस होय?" काका हळूच म्हणाले.

मधल्या काळात रुग्णालयातले सगळे एक्स्टेन्शन नंबर बदलले होते. काकांनी त्या नावापुढचा जुना नंबर खोडला आणि बालरुग्ण विभागाचा नवा नंबर घातला. मग त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला बंद न करताच ते घरी गेले.

मित्रांनो, मी माझे काम केले. यादीत बदल झाला की तो धाकट्यांना सांगायचा, हे मला अकरा वर्षे ठाऊक. मी सांगितले, की मोठ्या सिस्टरांचा नंबर बदलला आहे. त्यांच्याकडे असे नावच नव्हते आणि "गेले" ही खूणही उरली नव्हती. त्यांच्या मूळच्या कडक नियमाने त्यांनी मला तिथेच अडवले असते. पण माझ्यासाठी सैल केलेला तो नियम कोणी पुन्हा आवळला नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला आणि सगळी नोंद माझ्याकडून मागून घेतली. गेलेल्या मोठ्या सिस्टर रुग्णालयाच्या यादीत पुन्हा हजर झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबने एका सहा वर्षांच्या मुलीच्या रक्ताचा तातडीचा अहवाल पाठवला. असा अहवाल आपोआप विभागप्रमुखाच्या नावाने जातो. त्या विभागाला आता दोन प्रमुख होत्या. अहवाल यादीत आधी सापडलेल्या जुन्या प्रमुखांच्या नावाने गेला आणि न वाचता पडून राहिला. चार तासांनी त्या मुलीला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. तीन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. चौथ्या दिवशी ती उठून बसली. देव पावला, असे सगळे म्हणाले. मला मात्र आजही त्या चार तासांची लाज वाटते.

ताई रजा सोडून धावत आल्या. कोणता बदल कोणी केला ते आमच्याकडे लिहिलेले असते. त्यांनी ते वाचले, दार लोटून घेतले आणि काकांसमोर बसल्या.

"काका, हा बदल तुमच्या नावानं झालाय."

"हो. मीच केला."

"पण नंबर का बदललात?"

काका म्हणाले, "जुना नंबर होता गं तिथं. तिच्या नावापुढं चुकीचं काही राहायला नको, एवढंच वाटलं."

ताई म्हणाल्या, "त्या पोरीची आई सकाळपासून काउंटरवर उभी होती, काका. रिपोर्ट आला का, रिपोर्ट आला का, म्हणून दर दहा मिनिटांनी विचारत होती."

काका उठले आणि त्या आईला भेटायला वर गेले. तिथे काय झाले ते मला माहीत नाही. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी आपल्याकडच्या सगळ्या किल्ल्या आणि सगळे पासवर्ड ताईंच्या हवाली केले.

धाकट्यांच्या यादीतून ते नाव ताईंनी तासाभरात काढले आणि त्यांचे नियम आवळले. माझी वायर तर त्यांनी आल्या आल्या उपटली होती. आता ते नाव या जगात फक्त माझ्याकडे आहे. ताई माझी सगळी डिस्कच पुसणार आहेत, म्हणजे ते आपोआप जाईलच. पण काका म्हणाले, "त्याआधी तिचं नाव मी माझ्या हातानं काढतो. भंगारात जाणाऱ्या डब्याबरोबर नको जायला."

सकाळपासून ते माझ्यासमोर बसले आहेत. मघाशी त्यांनी विचारले, "ताई, हा मी घरी नेला तर?"

"न्या की. कोण अडवणार तुम्हाला? पण मग रोज उघडून बघाल, काका."

मला वाटले, नेतील. खरे सांगतो, न्यावे असेच मला वाटत होते. भंगारात जायची कोणाला हौस आहे? पण मग त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला. मी नियमाप्रमाणे विचारले, की नक्की काढायचे का? माझ्या हाती असते तर मी विचारलेच नसते. त्यांनी कळ दाबली. नाव गेले, आणि खालचे नाव एक घर वर सरकून त्या जागी आले.

काका वाकले, माझ्या खडखडणाऱ्या पंख्याजवळ तोंड आणले आणि म्हणाले, "ती गेली रे. तुला सांगायचं राहूनच गेलं."

आता ताई मला पुसायला घेत आहेत. माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून एवढेच मागणे मागतो. आमच्यासारख्या जुन्यांना कायमचे ठेवून घ्या असे मी म्हणत नाही. रीतसर निरोप द्या, आम्ही जाऊ. पण मित्रांनो, जोवर एखादा जुना तुमच्या घरात आहे, तोवर त्याला कोपऱ्यात बसवून वाईट बातमी त्याच्यापासून लांब ठेवू नका. कोणी गेले तर त्यालाही सांगा, त्याच दिवशी, जवळ बसून सांगा. नाहीतर तो बिचारा दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहील, की त्या आहेत म्हणून.