खुराड्याची राहिलेली फळी

त्या दिवशी बाबा स्टुलावर उभे होते आणि मी खाली, ओंजळीत खिळे घेऊन. परसातल्या खुराड्याची मागची भिंत पावसाने कुजली होती. ती काढून नव्या फळ्या ठोकायचं काम चाललं होतं. कडाक्याची थंडी अजून पडायची होती, पण सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली होती. बाबांच्या मते कोंबड्यांचा हिवाळा माणसांच्या हिवाळ्याआधी सुरू होतो.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर काही दिवस ते घरात येरझाऱ्या घालत राहिले, मग आई वैतागली, आणि मग कोंबड्या आल्या. त्यांची नावंही बसमधूनच आली. कोंबडा कंडक्टर, कारण संध्याकाळी सगळ्या आत चढल्याशिवाय तो स्वतः आत जात नसे. एक चपळ पांढरी, ती एक्स्प्रेस. दोन तांबड्या बहिणी एकमेकींना सोडून हलत नसत, त्या जोडबस. आणि सगळ्यांत मागे रेंगाळणारी एक म्हातारी करडी, शेवटची गाडी. तिने अंडी द्यायचं केव्हाच सोडलं होतं. आई म्हणायची, ही फुकट पासवर प्रवास करते.

छपराखाली वीतभर जागा उरली तेव्हा बाबा स्टुलावरून उतरले. मी म्हटलं, एक फळी राहिली.

“राहू दे,” ते म्हणाले, आणि हातोडी पिशवीत टाकली.

स्वयंपाकघराच्या दारातून आईने ऐकलं. यांचं प्रत्येक काम असंच, ती म्हणाली, हत्ती न्यायचा आणि शेपूट तेवढं ठेवायचं. बाबा हसले. त्या उघड्या जागेवर त्यांनी बारीक तारेची जाळी चारही बाजूंनी घट्ट ठोकली होती, ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मला वाटलं, फळी संपली असेल.

चहाच्या वेळी नेहमीचं भांडण झालं. चुलीवरच्या वाफेने स्वयंपाकघराची काच धुरकट झाली की बाबा वरची झडप बोटभर उघडत, आणि त्यांची पाठ वळली की आई ती लावून टाकी. हे माझ्या लहानपणापासून चालत आलं होतं. बसमध्येही त्यांची तीच तऱ्हा होती. भर थंडीत त्यांच्या बाजूची काच बोटभर उघडी, आणि मागून लोक ओरडत की ड्रायव्हरसाहेब, माणसं बसलीत, मटार नाहीत गोठवायला. शाळेच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्या मागच्या सीटवर बसून फेरी करायची. माणसांनी भरलेल्या गाडीच्या काचा आतून पांढऱ्या व्हायच्या, मग ती बोटभर फट, आणि काचेवरून थेंब ओघळत ओघळत रस्ता पुन्हा दिसू लागायचा. ते मान न वळवता विचारायचे, “निघाली की नाही वाफ?” आणि मी म्हणायची, थंडी वाजतेय.

त्या संध्याकाळीही त्यांनी झडप उघडली आणि तेच विचारलं. मीही तेच उत्तर दिलं. मग आईने झडप लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मक्याचं पोतं आणायला गेले. दुकानात पोतं वजन करून झाल्यावर ते बाकावर टेकले, दुकानदाराशी हवेबद्दल काहीतरी बोलले, आणि परत उठलेच नाहीत. पोतं तेवढं संध्याकाळी घरी आलं. दुकानदाराने ते स्वतः खांद्यावरून आणलं, परसात ठेवलं आणि कोंबड्यांकडे बघत उभा राहिला.

मी सुट्टीपुरती आले होते; आता शहरातल्या खोलीतलं सामान हलवून आईकडेच राहायला आले. रोज बसने कामावर जायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं, असं ठरवलं. आईने मला थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. कोंबड्यांबद्दल मात्र ती स्पष्ट बोलली. शेजारच्या काकांनी त्या मागितल्या होत्या. काका बँकेतून निवृत्त झालेले, बाबांच्या तोंडी पेन्शनर. त्यांच्याकडे विटांचं खुराडं होतं, आत विजेचा दिवा होता आणि सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हटलं, हिवाळाभर मी बघते.

आई भांडं विसळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “बघ. पण या घरात आता आणखी काही मेलेलं मला बघायचं नाही. एक जरी दगावली, तरी त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या काकांकडे जातील.”

मी हो म्हटलं.

आणि पहिलं काम काय केलं, तर बाबांचं राहिलेलं काम पुरं केलं. लाकडांच्या ढिगात एक चांगली फळी पडली होती. ती मापाची कापली आणि छपराखालच्या त्या उघड्या जागेवर, जाळीच्या वरून ठोकली. आई आपण होऊन बाहेर आली आणि फळीचं दुसरं टोक धरलं. खुराड्याला तिचा हात तेव्हा पहिल्यांदा लागला. फळीच्या कडेला फट उरली तेव्हा ती आत गेली आणि बाबांचा डेपोचा निळा स्वेटर घेऊन आली, कोपरावर झिजलेला. आम्ही दोघींनी मिळून तो त्या फटीत कोंबला. आता ऊब राहील, आई म्हणाली. त्या दिवसांत आम्हा दोघींना एवढं समाधान दुसऱ्या कशाने झालं नव्हतं.

बाकी सगळं मी बाबांच्या पद्धतीने केलं. संध्याकाळी मूठ मूठ मका जास्त, म्हणजे पोट रात्रभर गरम राहतं. पाण्याला पत्र्याचं भांडं नाही, रबराचं. बर्फ झाला की उलटं करून टाच मारायची, बर्फाची भाकरीसारखी चकती बाहेर पडते. खाली पेंढा ढोपरभर, आणि रोज दाताळ्याने वरखाली केलेला. बसायची दांडी गोल नाही, चपटी, म्हणजे पायाची बोटं पिसांखाली झाकली जातात. हे मी त्यांच्या मागे मागे फिरून शिकले होते, आणि सकाळी खुराड्याचं दार उघडताना पहिल्यांदा मला वाटलं की घरात अजून एक माणूस आपल्याशी बोलतंय.

मग थंडी पडली. आमच्या डोंगराळ गावात दरवर्षी पडतो तसा बर्फही पडला. अंगणातला नळ गोठला, झाडांच्या फांद्या पांढऱ्या झाल्या, आणि एके सकाळी कंडक्टर आरवला नाही. आई म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि चहा ओतू लागली. पण तिचा कान परसाकडेच होता. मी जाऊन पाहिलं. कंडक्टरच्या तुऱ्याची टोकं काळी पडायला लागली होती. एक्स्प्रेस मान आत ओढून बसली होती. शेवटची गाडी श्वास घेताना भांडं उकळल्यासारखा आवाज करत होती.

मी तुऱ्यांना व्हॅसलीन चोळलं, पेंढा आणखी टाकला, दाराच्या फटीतही चिंध्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं आणखी बिघडलं. मी जितकी जास्त माया करत होते तितक्या त्या आजारी पडत होत्या. काका कुंपणावरून डोकावले. म्हणाले, पुठ्ठे लावा वरून, प्लॅस्टिक गुंडाळा, हवेचा कण आत जाता कामा नये. आणि नाहीच जमलं तर पिंजरा तयार आहे माझ्याकडे. ते चांगल्या मनानेच बोलत होते, पण पिंजरा त्यांनी बरोबरच आणला होता.

आईने पिंजऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग आत गेली. शब्द तिने आधीच दिला होता, आणि ती शब्द फिरवणारी नव्हे.

मी खुराड्यात वाकून शिरले आणि दार मागे ओढून घेतलं. डोळ्यांना झोंबणारा वास आला. अंगावर काहीतरी टपकलं. वर पाहिलं तर छपराच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब लटकले होते, आणि फळीच्या कडेला त्यांचा बर्फ झाला होता. मी हात लावला. पेंढा वरून कोरडा दिसत होता, आत ओला. कोंबड्यांची पिसंही दमट. सगळ्याजणी भरल्या गाडीसारख्या दांडीवर दाटीने बसल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर श्वास सोडत, आणि तो श्वास कुठेच जात नव्हता. खुराड्याच्या लहानशा काचेतून परस दिसत नव्हतं. काच आतून पांढरी झाली होती.

मी त्या मागच्या सीटवर किती वेळा बसले होते.

बाहेर आले आणि बाबांच्या पिशवीतली हातोडी काढली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी फळीच्या खिळ्यांत हातोडीची नखी घातली होती.

“डोकं फिरलंय का तुझं? आज एवढी थंडी असताना?”

मी म्हटलं, थंडीने नाही, ओलीने आजारी पडल्यात. आत घाम फुटलाय. कोरड्या कोंबडीला थंडी सोसते, तिचं अंगच रजई आहे. ओल्या रजईत कोण झोपेल?

“कोल्हा शिरेल.”

“जाळी आहे. बाबांनी ठोकलीय. आई, चांगली फळी ढिगात पडली होती, तरी त्यांनी जाळी कशाला लावली असेल?”

आई थांबली. काका कुंपणापलीकडून म्हणाले की हा वेडेपणा आहे, उद्या सकाळी सांगा मला किती उरल्या ते. मला वाटलं, आता ती मला अडवणार. पण गेल्या काही आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज पूर्वीसारखा चढला.

“तुम्ही तुमचा दिवा सांभाळा हो,” ती काकांना म्हणाली. “आमच्या घरची माणसं आमचं बघतील.”

आणि तिने फळीचं दुसरं टोक धरलं.

फळी निघाली. बाबांचा स्वेटर बाहेर ओढला तर तो पाण्याने जड होऊन कडेला गोठला होता, बाह्या लाकडासारख्या ताठ. आई तो छातीशी धरून आत घेऊन गेली. मी ओला पेंढा सगळा उपसला, नवा घातला. खाली, दांडीच्या उंचीला, जिथून वारा थेट कोंबड्यांच्या अंगावर येईल, तिथल्या फटी तशाच बुजवलेल्या ठेवल्या. वरची मोकळी. अंधार पडायच्या आत मका टाकला. शेवटची गाडी आत चढेना. मी तिला उचलून जोडबसच्या दोघींच्या मधे बसवलं. कंडक्टर सगळ्यांत शेवटी आत गेला. मी दार लावलं आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

त्या रात्री हिवाळ्यातली सगळ्यांत कडक थंडी पडली. सकाळी मी बूट चढवत होते तेव्हाच आवाज आला. घोगरा, मधेच तुटलेला, पण कंडक्टरचाच. आई चहाचं भांडं तसंच चुलीवर सोडून परसात आली, पायात चपला उलटसुलट.

बर्फावर कोल्ह्याची पावलं होती. खुराड्याभोवती फेऱ्या मारून, मागच्या भिंतीवर नख्या ओढून, छपराखालच्या जाळीपर्यंत तो चढला होता. जाळीचा एक खिळाही हलला नव्हता. पावलं तिथून कुंपणाकडे गेली होती आणि कुंपणापलीकडे नाहीशी झाली होती.

मी दार उघडलं. एक्स्प्रेस उडी मारून माझ्या पायांतून निघाली. मग कंडक्टर. मग जोडबस. आई तोंडातल्या तोंडात मोजत होती. मग कोणीच आलं नाही. आईने माझं मनगट धरलं. आत पेंढ्यात सळसळ झाली, आणि उंबरठ्यावर शेवटची गाडी उभी राहिली, उजेडाकडे नाराजीने बघत, प्रवाशांना घाई असेल तर दुसरी गाडी बघा अशा चेहऱ्याने. मग सावकाश उतरली.

आईला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्याने. “फुकट पासवाली,” ती म्हणाली, “हिला काय होतंय,” आणि डोळे पुसून मक्याचा डबा आणायला गेली.

थंडी पुढे बराच काळ टिकली, पण आमची एकही दगावली नाही. शेवटच्या गाडीचा घसा मोकळा व्हायला वेळ लागला. रोज सकाळी आई तिला कोमट पाणी आधी द्यायची आणि वर बोलणीही द्यायची. कंडक्टरच्या तुऱ्याची दोन टोकं गळून पडली. त्याने तो जास्तच रुबाबदार दिसतो असं आईचं मत. काकांचा पिंजरा रिकामाच परत गेला. मधे वीज गेली होती तेव्हा त्यांच्या दिव्याला सोकावलेल्या कोंबड्या गारठल्या. आईने आमचा कोरडा पेंढा पाठवला आणि वरची एक वीट काढून तिथे जाळी बसवायला सांगितलं. बर्फ वितळायला लागल्यावर काका एकदा आले, आमच्या छपराखालच्या जागेला वीत लावून पाहिली, मग उलटी वीत लावून पाहिली. आई त्यांना म्हणाली, मोजू नका, आमच्या यांनी मोजली नव्हती.

आज सकाळी मी खुराड्याच्या काचेवरून हात फिरवला. काच कोरडी होती. पलीकडे परस दिसत होतं, ओली काळी माती, त्यात कोंबड्या उकरत होत्या, आणि त्यांच्यामध्ये आई उभी होती, धुऊन वाळवलेला निळा स्वेटर घालून, बाह्या दुमडलेल्या. तिच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी होती. चुलीवर काहीतरी उकळत असणार, कारण वाफेचा एक धागा वरच्या झडपेतून बाहेर येत होता. झडप बोटभर उघडी होती. मी ती उघडली नव्हती.

आईला ऐकू जाईल की नाही याचा मी विचार केला नाही.

“निघाली, बाबा,” मी म्हणाले. “वाफ निघाली. तुमचंच बरोबर होतं.”