घरधन्यानं बसायचं नसतं

क्रस्मान उंबऱ्यात आला आणि स्तोयांकानं गव्हाचं भांडं छातीशी ओढून धरलं.

घराच्या संताचा सण होता. येणाऱ्याच्या तोंडात आधी चमचाभर गोड गहू जायचा, मगच तो पाहुणा. ह्या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं आणि आलेल्याला दारातून परतवून लावायचं नसतं. पण म्हणून कुणीही उठून यावं?

आतली बडबड गपकन थांबली. घेवड्याच्या रश्श्यात बुडवलेला पाव शेजारच्या रादोव्हानच्या हातात तसाच ठिबकत राहिला. सगळ्या गावाला ठाऊक होतं. स्तोयांकाचा वुकाशिन शाळेत असताना ह्याच क्रस्मान मास्तरनं त्याला बास्केटबॉलच्या संघातून काढला होता. वासराचे गुडघे आहेत, गोठ्यात पाठवा, म्हणाला होता. वुकाशिनचा बाप मिलोये विनवायला गेला, तर त्याला कचेरीबाहेर दिवस कलेपर्यंत उभा ठेवला. बस म्हणून म्हटलं नाही. आता मिलोये नव्हता. वुकाशिन त्याच खेळात युरोप जिंकून आला होता, रस्त्यारस्त्यावर त्याची चित्रं होती, आणि घरधनी म्हणून त्याचा हा पहिलाच सण.

"वाट चुकलात वाटतं, मास्तर," स्तोयांका म्हणाली. "गोठा मागच्या अंगाला आहे."

क्रस्माननं टोपी काढली. फार म्हातारा झाला होता मेला.

"सण सुखाचा जावो," तो पुटपुटला.

मागून वुकाशिन आला. स्तोयांका बाजूला सरकली, मुद्दाम. म्हाताऱ्याला उचलून फेकायचं तर पोराला जागा हवी.

वुकाशिननं तिच्या हातातून भांडं घेतलं, चमचा भरला आणि पुढे केला.

"घ्या, मास्तर. थंडीत कशाला उभे?"

मग त्याचा कोट स्वतः उतरवला, त्याला पाद्रीबाबांच्या शेजारी, टेबलाच्या वरच्या अंगाला बसवलं, वाइन ओतली आणि खुर्चीमागे उभा राहिला. स्तोयांकाला कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं.

जाऊबाई रुझित्सानं फोन वर केला. "वुका, परत एकदा ओत ना रे! फोटोत तुझं तोंडच नाही आलं."

"ठेव तो, काकू. पाव संपलाय, पाव आण."

क्रस्माननं पेला उचलला, परत ठेवला. "तू पण बस रे बाबा. माझ्या घशाखाली उतरत नाही."

"आज घरधन्यानं बसायचं नसतं."

"मग मी निघतो."

"तुम्ही बसा."

पाव कापायला तो स्वयंपाकघरात आला, तशी स्तोयांकानं दार लोटलं.

"लाज विकून खाल्लीस? तुझ्या बापाला त्यानं उभं ठेवलं होतं!"

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे तुला, कपाळ!"

"मी होतो तिथे, आई. जिन्यात. बाबांनी घरी जा म्हटलं होतं, मी गेलो नव्हतो." तो पावाकडेच बघत होता. "ते सारखे ह्या पायावरचा भार त्या पायावर टाकत होते. आतून कुणी बाहेर आलं की टोपी सरळ करायचे."

एवढ्या वर्षांत हे पोर एका शब्दानं बोललं नव्हतं.

"तेव्हा ठरवलं होतं," तो म्हणाला, "मोठा झालो तर..."

ती वाट बघत राहिली. निदान एक शिवी तरी यावी.

"माझ्या दारात कुणाला असं उभं ठेवायचं नाही."

आणि पाव घेऊन तो बाहेर गेला.

स्तोयांकानं माशाची परात उचलली, बाहेर गेली आणि मधला जाड तुकडा क्रस्मानच्या ताटात वाढला.

"काटे आहेत," ती म्हणाली. "जपून खा. अडकला तर लोक म्हणतील, स्तोयांकानं मुद्दाम वाढला."

रादोव्हान फिसकन हसला. क्रस्मानची मान वर होईना, हात हलेना.

तेव्हा तिनं त्याचं ताट आपल्याकडे ओढलं आणि उभ्यानंच एकेक काटा काढायला लागली.